सुट्या भागांच्या इमारतींचा भरवसा कसा पारखावा?

शाळागृहे, दवाखाने, कर्मचाऱ्यांची घरे आणि आपत्तीनंतरचे निवारे थोड्या काळात उभे करावयाचे असतात, तेव्हा इमारतीचे भाग अगोदर कारखान्यात तयार करून जागेवर ते केवळ जोडण्याची पद्धत पुष्कळदा स्वीकारली जाते. भिंतींचे पट, छताचे तक्ते, खांब आणि तुळया निरनिराळ्या ओतून आणल्या जातात. काही वेळा तर भिंती, जमीन व छत यांसह संपूर्ण खोलीच पेटीसारखी तयार करून गाडीवरून आणतात आणि पायावर ठेवतात. अशा इमारतींस घटक-इमारती म्हणता येईल.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. कारखान्यात काँक्रीटचे मिश्रण मोजून-मापून होते, साचे एकसारखे असतात आणि पावसापाण्याचा खोळंबा होत नाही. एकाच नमुन्याच्या शंभर खोल्या अल्पावधीत उभ्या राहू शकतात. परंतु ज्या छताखाली मुले रोज पाच-सहा तास बसतात, त्याची परीक्षा केवळ ते किती लवकर उभे राहिले यावरून होत नाही. भूकंप, वादळ, आग, पूर किंवा स्फोट यांपैकी एखादा प्रसंग आला असता ते छत काय करील, हा खरा प्रश्न होय. तो कसा पारखावयाचा, याची माहिती शिक्षकवर्गास असणे अगत्याचे आहे. कारण इमारतीचा नकाशा अभियंता काढतो, पण तिच्याशी दररोजचा संबंध शिक्षकाचा असतो.

भरवसा आणि चिवटपणा

इमारतीसंबंधी दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला असा की, नेहमीचा भार आणि अधूनमधून येणारा आघात सोसून ती आपले काम बिनचूक करीत राहील, याची शक्यता किती? या गुणास भरवसा म्हणावे. दुसरा प्रश्न असा की, आघात अपेक्षेहून मोठा झाला आणि एखादा भाग निकामी झालाच, तर बाकीची इमारत माणसांना बाहेर पडू देण्याइतकी उभी राहील काय, आणि ती पुन्हा वापरात येण्यास किती काळ लागेल? या गुणास चिवटपणा म्हणावे.

हे दोन गुण एकच नव्हेत. मडक्यांची उतरंड वर्षानुवर्षे कोपऱ्यात निश्चल उभी असते. तिचा भरवसा चांगला दिसतो. परंतु मधले एक मडके फुटले की वरची सारी खाली येतात. उलट सुंभाने विणलेल्या बाजेचा एखादा पेड तुटला, तर बाज थोडी खोलगट होते, पण निजलेला माणूस जमिनीवर पडत नाही, कारण तुटलेल्या पेडाचा भार शेजारचे पेड आपणाकडे घेतात. घटक-इमारत उतरंडीसारखी रचलेली आहे की बाजेसारखी विणलेली आहे, हे ओळखणे म्हणजेच तिची पारख करणे होय.

लंडनमधील एक धडा

या विषयाचा सर्वांत प्रसिद्ध धडा इंग्लंडमध्ये मिळाला. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजल्यांची इमारत काँक्रीटचे मोठे पट एकमेकांवर रचून बांधलेली होती. तिला खांबांचा व तुळयांचा स्वतंत्र सांगाडा नव्हता. भिंतींचे पटच वरच्या मजल्यांचा भार वाहत असत. मार्च १९६८ मध्ये तेथे लोक राहावयास आले. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील कोपऱ्याच्या घरात एका रहिवासी स्त्रीने चहासाठी काडी ओढली आणि रात्रभर गळून साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. शेगडीला गॅस पोहोचविणाऱ्या नळीच्या जोडावरील पितळी नट तुटला होता.

स्फोटाने त्या घराच्या बाहेरील भिंतीचे पट ढकलले गेले. त्यांच्यावर टेकलेले वरचे मजले निराधार होऊन खाली आले आणि त्यांच्या आघाताने खालचे मजलेही एकामागून एक कोसळत गेले. इमारतीचा एक संपूर्ण कोपरा तळापर्यंत ढासळला. चार माणसे मृत्यू पावली आणि सतरा जखमी झाली. पहाटेची वेळ असल्याने बहुतेक रहिवासी शयनगृहांत होते आणि कोसळलेल्या कोपऱ्यात मुख्यतः बैठकीच्या खोल्या होत्या, म्हणूनच प्राणहानी मर्यादित राहिली. ज्या घरात स्फोट झाला, त्या घरातील स्त्री वाचली.

सरकारी चौकशीत असे आढळले की, स्फोट काही असामान्य जोराचा नव्हता. घरगुती गॅसचे स्फोट जसे होतात, तसाच तो होता. दोष होता तो रचनेत. पट एकमेकांवर मुख्यतः स्वतःच्या वजनाने व सांध्यातील मसाल्याच्या आधारे टेकले होते; एक पट सरकला असता त्याचा भार दुसऱ्या वाटेने नेणारे बंध पुरेसे नव्हते. एका स्वयंपाकघरातील अपघाताने बावीस मजल्यांचा कोपरा पडावा, हे कारण व परिणाम यांचे प्रमाण सुटल्याचे लक्षण होते. यालाच क्रमशः कोसळणे असे म्हणतात.

या घटनेनंतर १९७० साली तेथील बांधकामाच्या नियमांत पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतींसाठी नवी अट आली. तिचे तत्त्व सोपे आहे. कागदावर इमारतीचा एक आधार काढून टाकावा आणि उरलेली इमारत उभी राहते का, ते हिशेबाने तपासावे. जेथे असा आधार काढणे शक्यच नसेल, तेथे तो आधार ३४ किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन टन वजनाइतका, दाब सोसील असा करावा. शिवाय मजले व भिंती आडव्या आणि उभ्या सळयांनी एकमेकांस बांधाव्यात. थोडक्यात, उतरंडीची बाज करावी, असा तो नियम होता.

या प्रकरणाचा पुढील भागही तितकाच बोधप्रद आहे. इमारत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली. पुढे १९८६ साली ती पाडावयाची ठरली, तेव्हा एकदम जमीनदोस्त न करता मजल्यामागून मजला उतरविण्यात आली. त्या वेळी पुष्कळ सांधे उघडे पाहावयास मिळाले. जेथे मसाला ठासून भरलेला असावयास हवा होता, तेथे पोकळ्या होत्या. काही ठिकाणी तर वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले होते. नकाशातील सांधा आणि प्रत्यक्षातील सांधा यांत असे अंतर पडू शकते, आणि गिलाव्याआड गेलेले हे अंतर बाहेरून दिसत नाही.

सांध्यांचे अंकगणित

घटक-इमारतीत सांध्याला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने पटते. समजा, एका खोलीत शंभर सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा निर्दोष असण्याची शक्यता हजारांत ९९९ आहे. एकेक सांधा पाहिला, तर काळजीचे कारण दिसत नाही. परंतु शंभरही सांधे एकाच वेळी निर्दोष असण्याची शक्यता काढावयाची, तर ०.९९९ या संख्येचा शंभर वेळा गुणाकार करावा लागतो. उत्तर सुमारे ०.९० येते. म्हणजे अशा दहा खोल्यांपैकी सरासरी एका खोलीत निदान एक सांधा सदोष निघेल. सांधे एकावर एक अवलंबून असतील, तर तो एकच सांधा त्या खोलीचे भवितव्य ठरवील.

आता उलट स्थिती पाहू. एका तक्त्यास दोन स्वतंत्र आधार आहेत. प्रत्येक आधार टिकण्याची शक्यता दहांत नऊ आहे, आणि दोहोंपैकी कोणताही एक टिकला तरी तक्ता पडत नाही. तेव्हा दोन्ही आधार एकाच वेळी जाण्याची शक्यता शंभरांत एक इतकीच उरते. साधारण प्रतीचे दोन आधार अशा रीतीने एका उत्तम आधाराहून सरस ठरू शकतात.

परंतु या गणितात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच साच्यातून, एकाच चुकीच्या नकाशावरून आणि एकाच घाईत बसविलेले दोन आधार स्वतंत्र नसतात. एकात जो दोष, तोच दुसऱ्यात असतो. घटक-पद्धतीचे मोठे सामर्थ्य म्हणजे एकसारखेपणा, आणि तिचा मोठा धोकाही तोच. साध्या बांधकामात गवंड्याची चूक एका घरापुरती राहते; येथे नकाशातील चूक शेकडो खोल्यांतून उमटते. रोनन पॉइंटसारख्याच आणखी आठ इमारती त्याच वसाहतीत उभ्या होत्या, ही गोष्ट या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे.

भूकंपाची परीक्षा

स्फोट एका जागी होतो. भूकंप मात्र सर्व सांध्यांची परीक्षा एकाच वेळी घेतो. ७ डिसेंबर १९८८ रोजी सोव्हिएत संघातील आर्मेनियात मोठा भूकंप झाला आणि सुमारे २५ हजार माणसे दगावली. तेथील लेनिनाकान या शहरात, ज्यास आता ग्युम्री म्हणतात, कारखान्यात ओतलेल्या खांब-तुळयांच्या नऊमजली इमारती पुष्कळ होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक कोसळल्या. खांबांच्या जोडांत व टोकांजवळ सळयांची पकड अपुरी होती, आणि मजल्यांचे तक्ते एकमेकांशी नीट बांधलेले नव्हते. परंतु त्याच शहरातील मोठ्या भिंत-पटांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यात दोन्ही दिशांना भरपूर भिंती होत्या आणि हादऱ्याचा जोर अनेक भिंतींत वाटला गेला.

लंडनमध्ये भिंत-पटांची इमारत अपयशी ठरली आणि आर्मेनियात तशाच जातीच्या इमारती तरल्या, यात विसंगती नाही. घटक-पद्धत सरसकट चांगली किंवा सरसकट वाईट नसते. कोणत्या संकटाविरुद्ध, कोणत्या सांध्यांनी आणि किती पर्यायी आधारांनी ती सिद्ध केली आहे, यावर तिचा निकाल लागतो.

शाळांच्या दृष्टीने याहूनही जवळचा धडा गुजरातचा आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या भागात खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी अगोदर ओतलेल्या भागांच्या एकमजली खोल्या नुकत्याच बांधण्यात आल्या होत्या. त्यांपैकी पुष्कळ खोल्यांची छते पडली. छताचे तक्ते एकमेकांशी व खालच्या तुळयांशी पुरेसे जखडलेले नव्हते. हादऱ्याबरोबर प्रत्येक तक्ता स्वतंत्रपणे सरकला आणि टेकणीवरून निसटून खाली आला. तक्ते मोडले म्हणून नव्हे, तर ते सुटले म्हणून छत पडले. तक्त्यांवर सळयांची जाळी अंथरून काँक्रीटचा एकसंध थर दिला आणि कडेने पट्टा बांधला, तर सारे छत एका पत्रावळीसारखे जोडले जाते व भिंतींनाही धरून ठेवते. त्या दिवशी प्रजासत्ताक दिन असल्याने वर्ग भरलेले नव्हते, हा केवळ योग होय.

येथे महाराष्ट्राचाही अनुभव स्मरावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि त्या भागाचा समावेश वरच्या पट्ट्यात झाला. किल्लारीची घरे घटक-पद्धतीची नव्हती; जाड दगडी भिंती व त्यांवर मातीचे जड धाबे अशी ती होती. पण तेथेही बांधून ठेवणारा पट्टा नसल्याने भिंती उकलल्या आणि धाबी खाली आली. पद्धत जुनी असो वा नवी, हादऱ्यापुढे न बांधलेली वस्तू सुटते.

वारा, पाणी आणि आग

वजनदार तक्त्याला भूकंपाचे भय अधिक, तर हलक्या खोलीला वाऱ्याचे. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात अँड्र्यू नावाचे चक्रीवादळ आले. कारखान्यातून चाकांच्या सांगाड्यावर ओढून आणलेली हलकी घरे तेथे फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. त्यानंतर १९९४ साली अशा घरांच्या वाऱ्याविषयीच्या अटी कडक करण्यात आल्या. परंतु त्याच वादळात पक्क्या पायावर बसवून एकमेकांस जोडलेल्या पेटी-खोल्यांच्या वसाहतींची हानी तुलनेने कमी झाल्याचे सरकारी पाहणीत आढळले, कारण खोलीस खोली जोडल्याने एक ताठ समूह तयार झाला होता. वारा छताला केवळ ढकलीत नाही, तर वर उचलतो. म्हणून छत, भिंत व पाया यांतील प्रत्येक जोड ओढ सोसणारा असला पाहिजे. पुरातही हीच गोष्ट लागू पडते. पायाशी न जखडलेली हलकी पेटी-खोली पाण्यावर तरंगून वाहत जाऊ शकते.

आगीच्या बाबतीत पेटी-खोल्यांचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. शेजारच्या दोन खोल्यांच्या भिंतींमध्ये आणि खालचे छत व वरची जमीन यांमध्ये पोकळी राहते. या पोकळीतून ज्वाळा व धूर न दिसता दूरवर पोहोचतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर व प्रत्येक खोलीच्या कडेने ती पोकळी न जळणाऱ्या पदार्थाने बंद केलेली असावी लागते.

पारखण्याची रीत

अभियंते अशा इमारतीची पारख करताना चार पायऱ्यांनी जातात. पहिली पायरी संकटाची: त्या गावी कोणती संकटे संभवतात आणि किती मोठी? पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यता असलेला भूकंप विचारात घेण्याची रीत आहे. त्यास ४७५ वर्षांचा भूकंप म्हणतात. याचा अर्थ तो ४७५ वर्षांनीच येतो असा नव्हे, तर दर वर्षी त्याची शक्यता ४७५ त एक इतकी असते. तो उद्याही येऊ शकतो.

दुसरी पायरी भाराच्या वाटेची: छताचे वजन व आडवा हादरा कोणत्या भागांतून जमिनीपर्यंत जातो, आणि ती वाट तुटल्यास दुसरी आहे काय? तिसरी पायरी सांध्यांची: ते नकाशाप्रमाणे भरले गेले आहेत काय, आणि ते पुन्हा तपासता येतात काय? चौथी पायरी सावरण्याची: नुकसान झाल्यास कोणता भाग बदलता येईल, आणि शाळा किती दिवसांत पुन्हा भरेल? या चौथ्या पायरीत घटक-पद्धत खरोखर उपयोगी पडू शकते. कारण एखादी खोली निकामी झाल्यास तशीच दुसरी लवकर आणता येते. मात्र पहिल्या तीन पायऱ्या टाळून या लाभाचा हिशेब करणे योग्य नाही.

शाळेत काय पाहावे

शिक्षकाने अभियंता व्हावे अशी अपेक्षा नाही. तथापि पुढील गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, त्या पाहून ठेवाव्यात:

१. छताच्या दोन तक्त्यांमधील रेषा सरळ आहे की एक तक्ता खाली उतरला आहे.
२. सांध्याच्या रेषेवर नवी भेग, ओल किंवा गंजाचे तांबूस डाग आहेत काय. गंज म्हणजे आतल्या लोखंडापर्यंत पाणी पोहोचल्याची खूण होय.
३. तक्ता भिंतीवर किंवा तुळईवर पुरेसा टेकलेला आहे की केवळ कडेवर.
४. उघडे बोल्ट व नट सैल, गंजलेले किंवा गायब आहेत काय.
५. नळ किंवा विजेच्या तारांसाठी भिंतीच्या पटास अथवा तुळईस मागाहून भोके पाडली आहेत काय.
६. छतावर मूळ नकाशात नसलेली पाण्याची टाकी, माती अथवा अन्य वजन चढविले आहे काय.
७. दारे बाहेर उघडतात काय, आणि बाहेर पडल्यावर मुलांना जमण्यास मोकळी जागा आहे काय. कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतील मुले व शिक्षक अरुंद गल्लीत दुतर्फा पडलेल्या घरांखाली सापडले. म्हणून मुलांना भिंतींपासून दूर मैदानात न्यावे, गल्लीत नव्हे.

आढळलेली गोष्ट दिनांकासह नोंदवहीत लिहावी. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून ठेवल्यास ती वाढते किंवा नाही हे कळते. सांध्यावर गिलावा फासून भेग झाकू नये. त्यामुळे दोष राहतो आणि केवळ त्याची खूण नाहीशी होते. तक्ता सरकलेला दिसल्यास त्या खोलीत वर्ग भरवू नये, आणि बांधकाम विभागास लेखी कळवावे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

वरच्या इयत्तांना हे तत्त्व काडेपेट्यांच्या साहाय्याने सहज दाखविता येते. रिकाम्या काडेपेट्यांच्या चार भिंती एका ताटात रचाव्यात आणि त्यांवर पुठ्ठ्याच्या सुट्या पट्ट्यांचे छत घालावे. ताट आडवे हलविले की पट्ट्या निसटून पडतात. मग तशीच खोली पुन्हा रचून काडेपेट्या खळीने एकमेकींस चिकटवाव्यात, पट्ट्यांवर एक सलग कागद चिकटवावा, त्याच्या कडा भिंतींवर दुमडून चिकटवाव्यात आणि भोवताली कागदाचा पट्टा गुंडाळावा. खळ वाळल्यावर ताट तितक्याच जोराने हलवावे. खोली एकसंध राहून सबंध सरकते, पण छत पडत नाही. शेवटी एक काडेपेटी हळूच कापून काढावी आणि उरलेल्या पेट्या भार कसा वाटून घेतात, ते मुलांना पाहू द्यावे. काडेपेट्या त्याच, पुठ्ठा तोच. फरक केवळ जोडणीचा, हे मुले आपण होऊन सांगतील. त्यानंतर त्यांना आपल्या वर्गाच्या छताकडे पाहावयास सांगावे, आणि त्यांना काय दिसते ते नोंदवहीत उतरवून घ्यावे.